सातव्या फेरीत निवड झालेला मुलगा व्यावसायिक हॉकीपर्यंत पोहोचेल का, हे कशावरून ओळखावे?

पाहुणचार (ऑन्टारियो, कॅनडा), 6 ऑक्टोबर 2025

सर्वांना नमस्कार. प्रश्न बर्फावरच्या हॉकीचा आहे. आपल्यापैकी काहीजण कॅनडा-अमेरिकेत राहून हा खेळ वर्षानुवर्षे जवळून पाहत आहेत, म्हणून येथे विचारण्याचे धाडस करते.

आमच्या घरी तीन वर्षांपासून ओएचएल, म्हणजे ऑन्टारियो हॉकी लीग, या कनिष्ठ स्पर्धेत खेळणारा एक मुलगा राहतो. इकडे सोळा-सतरा वर्षांची मुले आपल्या गावापासून शेकडो किलोमीटर दूरच्या संघाकडून खेळतात आणि मोसमभर एखाद्या स्थानिक कुटुंबात राहतात. अशा कुटुंबाला बिलेट म्हणतात. जेवणखाणापोटी संघ महिन्याला थोडी रक्कम देतो, बाकी सारे घरच्या मुलासारखेच असते. तो मला काकू म्हणतो, वरणभातावर तूप मागून घेतो आणि सामन्याच्या दिवशी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून काठीच्या पात्याला काळी टेप गुंडाळतो. गुंडाळून झाली की तिच्यावरून मेणाची वडी इतक्या सावकाश फिरवतो की त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलू नये, हे आमच्या धाकटीलाही आता कळले आहे.

29 जून 2024 रोजी एनएचएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, एका संघाने त्याला सातव्या फेरीत निवडले. दुसरी ते सातवी अशा सहाही फेऱ्या त्या एकाच दिवशी उरकल्या, आणि शेवटी शेवटी तर पडद्याच्या कडेला नुसती नावे सरकत होती. त्याचे नाव सरकून गेले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मुलीने ओरडून सांगितले म्हणून कळले. नंतर त्याने त्याच्या गावाहून फोन केला, तेव्हा मागे त्याच्या आईच्या रडण्याचा आवाज येत होता.

आता तो एकोणीस वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात जेवताना त्याने विचारले, “काकू, विद्यापीठाचा अर्ज भरू, की थांबू?” मला काहीच उत्तर देता आले नाही. शोधायला गेले तर दोनच प्रकारची मते सापडतात. सातव्या फेरीतले कोणी पोहोचत नसते असे एक गट म्हणतो, तर दुसरा गट, पुढे नामवंत खेळाडू झालेल्यांपैकी पावेल दात्स्युक सहाव्या फेरीत 171वा आणि हेन्रिक झेटरबर्ग सातव्या फेरीत 210वा होता, एवढे सांगून थांबतो. दोन्ही ऐकून माझ्या हाती काही लागत नाही. अशा मुलाचे नेमके काय पाहावे, किती दिवस वाट पाहावी आणि त्याला खरे काय सांगावे, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

---

निळी रेषा (सास्काटून)

ताई, नमस्कार. मी अकरा वर्षे एका कनिष्ठ संघासाठी सामन्यांच्या चित्रफिती कापून प्रशिक्षकांना देण्याचे काम विनामोबदला करतो. मी निवडकर्ता नाही, पण निवडकर्त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून बरेच पाहिले आहे.

आधी आकड्यांचा अंदाज सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे जमिनीवर राहील. एनएचएलमध्ये 32 संघ आहेत आणि ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात, म्हणजे वर्षाला सुमारे सव्वादोनशे मुले निवडली जातात. प्रत्येक संघाचा मुख्य ताफा 23 जणांचा असतो, आणि त्या जागा दरवर्षी रिकाम्या होत नाहीत. एखाद्या संघाला एका वर्षाच्या निवडीतून दोन टिकाऊ खेळाडू मिळाले, तर ते वर्ष चांगले गेले असे या धंद्यातले लोक मानतात. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांतील मुलांपैकी एनएचएलमध्ये शंभर सामने खेळणारा दहांत एखाददुसराच निघतो. दात्स्युक आणि झेटरबर्ग यांची नावे घेणारे लोक खोटे बोलत नाहीत, पण त्यांच्या मागेपुढे निवडलेल्या आणि आज कोणालाच आठवत नसलेल्या मुलांची मोजदाद ते करत नाहीत.

आता याची दुसरी बाजू. निवडीचा क्रमांक म्हणजे त्या दिवशीचे मत असते आणि ते साडेसतरा-अठरा वर्षांच्या मुलाविषयीचे असते. मार्क स्टोनचे उदाहरण घ्या. तो डब्ल्यूएचएल या पश्चिम कॅनडातील कनिष्ठ लीगमध्ये ब्रँडनच्या संघाकडून खेळत होता, निवडीच्या मोसमात दुखापतींमुळे त्याचे बरेच सामने हुकले, शिवाय त्याचे स्केटिंग जड होते. ओटावाने 2010 मध्ये त्याला सहाव्या फेरीत 178वा घेतला. पुढच्याच मोसमात त्याने 106 गुण (गोल आणि गोलला दिलेली साथ मिळून) केले आणि त्याच्या पुढच्या मोसमात 123. ज्याने त्याला 178वा ठेवले होते त्यानेही त्या दोन वर्षांनंतर तो आकडा मनातून काढून टाकला असेल. 2023 मध्ये व्हेगासने एनएचएल विजेत्याचा स्टॅन्ले चषक जिंकला तेव्हा स्टोन त्या संघाचा कर्णधार होता आणि निर्णायक सामन्यात त्याने तीन गोल केले होते.

म्हणून माझ्या मते मुलगा कितवा निवडला गेला याला पहिले वर्ष सरले की फार थोडी किंमत उरते. निवडीनंतरच्या दोन मोसमांत त्याच्या खेळाचा चढ किती आहे, ते पाहायचे. क्रमांकाचा परिणाम उरतो तो एवढाच, की पहिल्या फेरीतल्या मुलाला संघ दहा संधी देतो आणि सातव्या फेरीतल्याला दोन. त्यामुळे उशिरा निवडलेल्या मुलाचा चढ लवकर आणि ठळक दिसावा लागतो.

कृपया एवढे सांगाल का: तो कोणत्या जागी खेळतो, काठी कोणत्या बाजूने धरतो, त्याचा जन्म कोणत्या महिन्यातला आहे आणि गेल्या दोन मोसमांत त्याला किती गुण मिळाले?

---

शीतघर (एडमंटन)

निळी रेषा यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, पण माझा अनुभव असा की उंची आणि पाय या दोन गोष्टींपुढे बाकी सारे फिके पडते. एनएचएलमध्ये वेग दरवर्षी वाढत चालला आहे. ज्याची पहिली तीन पावले संथ आहेत तो कनिष्ठ पातळीवर कितीही हुशार दिसला, तरी वर गेल्यावर त्याला विचार करायला वेळच मिळत नाही. स्टोन हा अपवाद आहे.

आपल्याकडच्या मुलांना एक जरूर सांगावे की ड्राफ्ट हा एकमेव दरवाजा नाही. सरे येथे वाढलेल्या अर्शदीप बैन्सला कोणीच निवडले नव्हते. 2021-22 मध्ये तो रेड डिअरकडून खेळताना डब्ल्यूएचएलच्या गुणतालिकेत पहिला आला, त्याच मोसमात व्हँकुव्हरने त्याच्याशी करार केला आणि 2024 मध्ये तो एनएचएलमध्ये खेळला.

---

निळी रेषा (सास्काटून)

शीतघर, पायांचे महत्त्व मी नाकारत नाही, पण अपवाद एकटा स्टोन नाही. जो पावेल्स्की 2002 मध्ये पात्र असूनही निवडलाच गेला नाही, 2003 मध्ये सॅन होझेने त्याला सातव्या फेरीत 205वा घेतला, आणि त्याच्याविषयीही पाय मंद असल्याचीच तक्रार होती. तो विस्कॉन्सिन विद्यापीठात गेला, 2006 मध्ये तेथे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि पुढे एनएचएलमध्ये 1,332 सामने खेळला. गोलसमोर उभे राहून दुरून आलेल्या पकला, म्हणजे खेळाच्या रबरी चकतीला, काठीचा हलका स्पर्श देऊन दिशा बदलायची, ही त्याची हातोटी होती, आणि ती कोणत्याही पातळीवर तितकीच चालते.

मला वाटते विचारायचा प्रश्न हा आहे: या मुलाकडे असे काय आहे जे वरच्या पातळीवर गेल्यावरही तसेच चालेल? पाय सुधारता येतात, विशेषतः अठरा ते एकवीस या वयात, जेव्हा मांड्यांत आणि कंबरेत खरी ताकद येते. खेळ आधी ओळखण्याची नजर मात्र त्या वयात नव्याने येताना मी क्वचितच पाहिली आहे. म्हणून नजर चांगली आणि पाय मध्यम असलेल्या मुलावर मी पैज लावीन. पाय चांगले आणि नजर मध्यम असलेल्या मुलावर लावणार नाही. उंचीबद्दलही निवडकर्ते आजवर बरेच चुकले आहेत. ब्रेंडन गॅलाघरने निवडीच्या मोसमात डब्ल्यूएचएलमध्ये 41 गोल केले होते, तरी केवळ चणीने लहान म्हणून 2010 मध्ये तो पाचव्या फेरीपर्यंत, 147व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला.

---

पाहुणचार (ऑन्टारियो, कॅनडा)

आपण दोघांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. विचारलेली माहिती देते.

तो बचावपटू आहे आणि काठी उजव्या बाजूने धरतो. उंची सहा फूट एक इंच. जन्म ऑगस्ट 2006 च्या शेवटच्या आठवड्यातला. निवडीच्या मोसमात त्याला 61 सामन्यांत 14 गुण मिळाले, गेल्या मोसमात 66 सामन्यांत 31. सुरुवातीला तो बचावपटूंच्या तिसऱ्या जोडीत असे, आता दुसऱ्या जोडीत असतो, आणि संघाचा एखादा खेळाडू शिक्षेवर बाहेर बसला की पहिल्यांदा यालाच बर्फावर पाठवतात. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षेवर असताना, मात्र त्याला फारसे घेत नाहीत, याचे त्याला वाईट वाटते. या सप्टेंबरात एनएचएल संघाच्या मुख्य सराव शिबिरात त्याला आठवडाभर ठेवून घेतले आणि मग परत पाठवले. त्याच्या आदल्या वर्षी नवोदितांची स्पर्धा संपताच परत आला होता.

---

निळी रेषा (सास्काटून)

ताई, तुम्ही सहज लिहिलेल्या या चार ओळींत बरेच काही आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जन्मतारखेपासून सुरुवात करू. ड्राफ्टसाठी 15 सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे ऑगस्टअखेर जन्मलेला मुलगा आपल्या निवडवर्षात जवळजवळ सर्वांत लहान असतो, आणि त्याच यादीतील काही मुले त्याच्याहून अकरा महिन्यांनी मोठी असतात. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म 17 सप्टेंबर 1997 चा. दोन दिवसांनी 2015 चा ड्राफ्ट हुकून तो 2016 मध्ये पहिला निवडला गेला. सतराव्या-अठराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे किती किलो स्नायू, हे घरात वाढती मुले असलेल्याला सांगायला नको. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुले आपल्या कुवतीपेक्षा उशिरा निवडली जातात आणि त्याच क्रमांकावर निवडलेल्या, वर्षारंभी जन्मलेल्या मुलांपेक्षा पुढे अधिक यश मिळवतात, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले होते. तुमच्या मुलाची ही पहिली जमेची बाजू.

दुसरी जमेची बाजू उजवी काठी. बहुतेक बचावपटू काठी डावीकडून धरतात, त्यामुळे उजव्या बाजूला खेळणारा, उजव्या हाताचा बचावपटू प्रत्येक संघाला कमी पडतो आणि करार देताना त्याचा विचार होतोच.

आता गुण. वेगवेगळ्या लीगमधल्या गुणांची एनएचएलशी तुलना करण्यासाठी विश्लेषक एक गुणक वापरतात. ओएचएलसाठी तो साधारण 0.3 धरतात आणि एनएचएलच्या लगेच खालच्या एएचएलसाठी निम्म्याच्या थोडा खाली. त्या हिशेबाने निवडीच्या मोसमातील कामगिरी 82 सामन्यांत पाच-सहा गुणांच्या बरोबरीची होती आणि गेल्या मोसमातील सुमारे बारा गुणांची. बारा गुण हा आकडा लहान आहे, त्यावरून कोणी याला आक्रमक शैलीचा बचावपटू म्हणणार नाही. पण एका वर्षात तो दुपटीवर गेला, तोही पॉवर प्लेचे सोपे गुण न मिळता. मी प्रशिक्षक असतो तर पॉवर प्लेविषयी त्याची समजूत काढताना हेच सांगितले असते. पाच विरुद्ध पाच खेळताना मिळवलेले गुण वरच्या पातळीवर सोबत येतात. पॉवर प्लेची जागा तेथे पहिल्या फेरीतल्या मुलासाठी राखलेली असते. सातव्या फेरीतला बचावपटू वर जातो तो बहुतेक वेळा शिक्षेच्या वेळी बर्फावर उभा राहण्यासाठीच.

याला अगदी जवळचे उदाहरण मॅकेन्झी वीगरचे आहे. तोही उजव्या हाताचा बचावपटू. 2012 मध्ये पात्र असूनही त्याला कोणी घेतले नाही. 2013 मध्ये त्याच्या हॅलिफॅक्स संघाने कनिष्ठ लीगच्या विजेत्यांचा मेमोरियल चषक जिंकला. त्या संघातील नेथन मॅकिनन त्या वर्षी पहिला आणि जोनाथन ड्रुआँ तिसरा निवडला गेला, आणि वीगर सातव्या फेरीत 206वा. पहिला एनएचएल सामना खेळायला त्याला त्यानंतर जवळपास चार वर्षे लागली. ती वर्षे त्याने खालच्या लीगमध्ये काढली, आणि मग फ्लोरिडात व पुढे कॅल्गरीत तो पहिल्या जोडीपर्यंत पोहोचला. बचावपटूंना वेळ लागतो. गोलरक्षकांना त्याहून अधिक लागतो: कॅल्गरीचा डस्टिन वुल्फ 2019 मध्ये 217 पैकी 214वा निवडला गेला, 2023 मध्ये एएचएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी एनएचएलमध्ये नियमित व्हायला त्याला 2024-25 उजाडावे लागले.

तुम्हाला घरच्या मैदानावर बसून पाहता येईल अशी एक गोष्ट सांगतो, कारण मी चित्रफिती कापताना बचावपटूंसाठी पहिल्यांदा हेच मोजतो. समोरच्या संघाने पक याच्या कोपऱ्यात टाकला की याला स्वतःच्या गोलच्या दिशेने, खेळाकडे पाठ करून धावावे लागते आणि मागून एक-दोन आक्रमक अंगावर येत असतात. पकला काठी लागण्यापूर्वी त्याने मान वळवून मागे पाहिले का, आणि किती वेळा, एवढेच मोजा. ज्याने दोनदा पाहिले आहे त्याला पक कोणाकडे द्यायचा हे आधीच ठाऊक असते, त्याचा पास सरळ सहकाऱ्याच्या काठीवर जातो आणि तो स्वतः धडकेतून निसटतो. ज्याने पाहिले नाही तो कठड्यावर आदळतो किंवा घाबरून पक काचेवरून भिरकावतो. मैदान ओएचएलचे असो की एनएचएलचे, साधारण 200 फूट लांब आणि 85 फूट रुंदच असते. पण वर गेल्यावर मागून येणारा माणूस अर्धा सेकंद आधी पोहोचतो. तो अर्धा सेकंद याच मान वळवण्यातून परत मिळवायचा असतो.

राहिला प्रश्न किती वाट पाहायची. कॅनडाच्या कनिष्ठ लीगमधून 2024 मध्ये निवडलेल्या मुलाचे हक्क संघाकडे 1 जून 2026 पर्यंत असतात. तोवर करार झाला नाही तर तो पुन्हा ड्राफ्टला बसू शकतो आणि त्यात कोणी घेतले नाही तर कोणाशीही बोलणी करायला मोकळा होतो. एका एनएचएल संघाला एका वेळी पन्नासच करार ठेवता येतात, त्यामुळे सातव्या फेरीतल्या मुलाला करार देताना ते शेवटपर्यंत हात आखडता घेतात. मे महिन्यापर्यंत शांतता असली तर तिचा अर्थ नकार असा लगेच लावू नका. त्याआधीच्या खुणा पाहा. संघाचा विकास प्रशिक्षक किती वेळा सामना पाहायला येतो? सामन्यानंतर चित्रफिती पाठवून बोलतो का? शिबिरात त्याला या वेळी आठवडाभर अधिक ठेवले, ही चांगली खूण आहे.

माझे मत विचाराल तर एनएचएलमध्ये शंभर सामने खेळण्याची त्याची शक्यता मी सात-आठांत एक धरीन. कुठे ना कुठे पगार घेऊन दोन-तीन वर्षे हॉकी खेळण्याची शक्यता निम्म्याहून बरीच अधिक धरीन. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्याच्याशी बोलताना ते वेगळेच ठेवावेत, अशी विनंती आहे.

---

आईचे डोळे (मॅनिटोबा)

निळी रेषा यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावेसे वाटले. माझा मुलगा काही वर्षांपूर्वी सहाव्या फेरीत निवडला गेला होता. आम्हाला हा फरक कोणी सांगितला नाही.

निवडीनंतरच्या पहिल्या वर्षी संघाचा विकास प्रशिक्षक दर महिन्याला फोन करत असे. मुलगा त्या फोनसाठी जेवण अर्धवट टाकून उठायचा. दुसऱ्या वर्षी तो माणूस बदलला आणि चार महिने एकही फोन आला नाही. आम्ही स्वतः विचारायला कचरलो, कारण पालकांनी विचारलेले संघाला आवडत नाही, असे आमच्या मनावर बिंबले होते. 1 जून उलटल्यावर त्याला एजंटकडून कळले की करार होणार नाही. त्याची तक्रार नकाराबद्दल नव्हती. फेब्रुवारीतच ठरले होते तर फेब्रुवारीत का सांगितले नाही, एवढेच तो विचारत होता, आणि आजही विचारतो. ताई, तुमचा मुलगा त्या वळणावर उभा आहे, म्हणून सांगते: एजंटला जानेवारीतच संघाकडे थेट विचारायला सांगा. विचारल्याने करार जात नाही.

त्यानंतर तो ईसीएचएलमध्ये दोन मोसम खेळला. एनएचएलखाली एएचएल आणि तिच्याखाली ईसीएचएल अशी ती उतरंड आहे. एनएचएलमध्ये 2025-26 च्या मोसमाचे किमान वेतन 7,75,000 डॉलर आहे, आणि ईसीएचएलमध्ये पगार आठवड्याच्या हिशेबाने मिळतो व उन्हाळ्यात दुसरे काम शोधावे लागते. तरीही तो त्या दोन वर्षांविषयी आनंदाने बोलतो. बसमध्ये बारा-बारा तास, एका खोलीत दोघे, पण हॉकी खेळून पैसे मिळत होते आणि ते त्याचे लहानपणापासूनचे स्वप्न होते. व्यावसायिक या शब्दाचा अर्थ फक्त एनएचएल असा आम्ही घेतला होता, त्यामुळे घरात दोन वर्षे दुखवटा पाळल्यासारखे वातावरण होते. त्यात त्याचा पहिला पगार आला तो दिवस आम्ही साजरा केला नाही. याचे मला आजही वाईट वाटते.

शिक्षणाचे मात्र आधी पाहा. कनिष्ठ संघाशी झालेल्या त्याच्या करारात शिष्यवृत्तीचे कलम असेल. आमच्याकडे डब्ल्यूएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक मोसमामागे एका वर्षाचे विद्यापीठाचे शुल्क मिळते. ती किती दिवसांत वापरायची आणि व्यावसायिक करार केल्यास तिचे काय होते, हे त्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद आजच काढून वाचा. आमच्या मुलाने मुदतीत अर्ज केला नाही, म्हणून दोन वर्षांचे शुल्क हातचे गेले.

आणखी एक बदल तुमच्या उपयोगाचा आहे. पूर्वी ओएचएल किंवा डब्ल्यूएचएल खेळलेल्या मुलांना अमेरिकेतील विद्यापीठांची हॉकी बंद असे. 1 ऑगस्ट 2025 पासून ती त्यांना खुली झाली. एनएचएल संघाशी करार केला की मात्र ती वाट संपते. मार्क जिओर्डानो ओएचएल खेळला होता, त्याला कोणत्याच संघाने निवडले नव्हते, आणि 2019 मध्ये त्याला सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक मिळाला. वाटा अनेक असतात. अर्ज भरल्याने त्यातली एकही बंद होत नाही.

---

शीतघर (एडमंटन)

ताईंनी दिलेली माहिती वाचून माझे मत मी थोडे बदलतो. शिक्षेच्या वेळी पहिल्यांदा उतरवला जाणारा एकोणीस वर्षांचा बचावपटू पायांनी अगदीच मंद असू शकत नाही. तेथे संथ माणूस दोन मिनिटेही टिकत नाही.

अजून एक शक्यता लक्षात ठेवावी. एनएचएलचा करार नाही दिला, तरी पुढच्या मोसमात तो वीस वर्षांचा झाल्यामुळे एएचएलमध्ये खेळायला पात्र होतो, आणि एएचएल संघ स्वतंत्रपणे त्याच्याशी करार करू शकतो. तो करार त्या पन्नासांत मोजला जात नाही, म्हणून संघांना तो सोयीचा पडतो. नाहीतर वीस वर्षांचा खेळाडू म्हणून ओएचएलमध्ये आणखी एक मोसम, पण तेथे प्रत्येक संघाला असे तीनच खेळाडू ठेवता येतात. तेव्हा आपल्या संघात त्या वयाचे आणखी किती जण आहेत, हे त्याने आत्ताच पाहावे.

---

पाहुणचार (ऑन्टारियो, कॅनडा), 20 ऑक्टोबर 2025

उशिरा उत्तर देत आहे, कारण आधी शुक्रवारचा सामना पाहायचा होता.

मी वही घेऊन बसले. पक त्याच्या कोपऱ्यात गेला आणि तो पाठमोरा धावला, असे 19 वेळा झाले. त्यांपैकी 13 वेळा त्याने पकला हात घालण्यापूर्वी मागे पाहिले, 6 वेळा पाहिले नाही. त्या सहापैकी चार वेळा शेवटच्या सत्रात होत्या. रात्री तो जेवायला बसला तेव्हा वही दाखवू की नको, असे मला झाले होते, शेवटी दाखवली. तो काही बोलला नाही. खुर्ची ओढून माझ्या शेजारी आला आणि प्रत्येक खुणेपुढे घड्याळातली वेळ लिहिली आहे का, एवढेच विचारले. मी ती लिहिली नव्हती. पुढच्या वेळी लिहा म्हणाला, म्हणजे चित्रफितीत ती जागा शोधता येईल. शेवटच्या सत्रात पाय जड होतात तेव्हा मानही वळत नाही, हे त्याने स्वतःहून सांगितले.

निळी रेषा यांनी सांगितलेले दोन वेगळे प्रश्न मी त्याच्यापुढे तसेच ठेवले. सात-आठांत एक ऐकून त्याचा चेहरा पडेल असे वाटले होते. तो म्हणाला, त्याच्या मनात याहून कमी आकडा होता.

आईचे डोळे, तुमचे लिहिणे मी दोनदा वाचले. कनिष्ठ संघाशी झालेला करार त्याच्या वडिलांकडे होता, त्यांनी फोटो काढून पाठवला. शिष्यवृत्तीचे कलम चौथ्या पानावर आहे आणि मुदतही लिहिली आहे. एजंटला जानेवारीत विचारायला सांगायचे ठरले. रविवारी दुपारी टेबलावर एका बाजूला काठी आणि टेप होती, दुसऱ्या बाजूला माझा संगणक, आणि विद्यापीठाचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून अर्धा भरला. विषय कोणता घ्यायचा यावर गाडी अडली आहे. त्याला शरीरशास्त्र हवे आहे आणि त्याच्या आईला हिशेबाचे काही. उरलेला अर्ज बुधवारी भरू. पुढचा घरचा सामना शुक्रवारी आहे, आणि या वेळी मी घड्याळ दिसेल अशा जागेवर बसणार आहे.